क्षमा १९०२ची, मोकळीक १९१०ची : आलेस्सांद्रो सेरेनेल्लीचं प्रकरण

इटलीतल्या एका वाडीवर १९०२ साली अकरा वर्षांच्या मुलीचा खून झाला. मुलीनं प्राण सोडण्याआधी मारेकऱ्याला क्षमा केली. ती क्षमा मारेकऱ्याच्या आत पोचायला सुमारे आठ वर्षं गेली. त्यापुढची एकोणीस वर्षंही तो गजांआडच होता. तरी त्याच्या आयुष्याचे दोन भाग पाडायचे तर तुरुंगाचं दार उघडलं ते १९२९ साल कामाचं नाही, १९१०च धरावं लागतं.

मारिया गोरेत्ती हे नाव कॅथलिक वाचकांना नवं नाही. ६ जुलै हा तिचा सण. प्रवचनांत तिच्याबद्दल बोललं जातं ते बहुतेक वेळा शुद्धतेसाठी प्राण देणारी मुलगी म्हणून. मला इथे दुसऱ्या माणसाकडे पाहायचं आहे, तिला मारणाऱ्या आलेस्सांद्रो सेरेनेल्लीकडे. प्रभूची दया माणसाला आतून मोकळं करते असं आपण सहज म्हणतो. म्हणजे नेमकं काय होतं, त्याला किती काळ लागतो आणि काय होत नाही, हे या प्रकरणात टप्प्याटप्प्यानं पाहता येतं. गुन्ह्याबद्दल शंका नाही. शिक्षा भोगून झालेली आहे. शिवाय त्या माणसाचे स्वतःचे शब्द दोन ठिकाणी लिहून राहिले आहेत, १९१०च्या पत्रात आणि १९६१च्या निवेदनात. या दोन कागदांमध्ये अर्धशतकाचं अंतर आहे.

एक घर, दोन कुटुंबं

गोरेत्ती कुटुंब मूळचं मार्के प्रांतातल्या कोरिनाल्दो गावचं. मारियाचा जन्म तिथलाच, १६ ऑक्टोबर १८९०चा. स्वतःच्या तुकड्यावर पोट भरेना म्हणून तिचे आईवडील अस्सुंता आणि लुईजी मुलाबाळांना घेऊन दक्षिणेला गेले आणि शेवटी रोमच्या खाली, नेत्तुनोजवळच्या ले फेर्रिएरे इथे एका जमीनदाराची शेती वाट्यानं करू लागले. तो सगळा दलदलीचा, मलेरियाचा मुलूख होता. त्याच घरात आणखी एक कुटुंब राहत होतं, ज्योव्हान्नी सेरेनेल्ली आणि त्याचा मुलगा आलेस्सांद्रो. तेही मार्केचेच. खोल्या वेगळ्या, स्वयंपाकघर एक.

१९०० साली लुईजी मलेरियानं गेला. अस्सुंतानं नवऱ्याची शेतातली जागा घेतली आणि घरातली तिची जागा मारियाकडे आली. भाकरी भाजणं, धुणं, पाठच्या भावंडांना सांभाळणं, दोन्ही कुटुंबांचे कपडे शिवणं-सांधणं, हे सगळं नऊ-दहा वर्षांच्या मुलीच्या अंगावर पडलं. तिनं कुरकुर केल्याची आठवण कुणी सांगितलेली नाही. शाळा तिला मिळाली नाही.

आलेस्सांद्रोचा जन्म १८८२चा. आईचं छत्र लहानपणीच गेलेलं, पोरवयात तो नावांवर काम करून आलेला. त्याला वाचता येत होतं, आणि त्या घरात ही मोठी गोष्ट होती. पण तो वाचायचा त्यात गुन्ह्यांच्या आणि वासनेच्या भडक गोष्टींचा भरणा होता. तसली चित्रं तो खोलीत लावून ठेवायचा. म्हातारपणी त्यानं स्वतःच लिहून ठेवलं आहे की भोवती भली माणसं होती, त्यांच्याकडे आपण कधी लक्षच दिलं नाही. मारियाला त्यानं आधीही त्रास दिला होता आणि आईला सांगितलंस तर मारून टाकीन अशी धमकीही दिली होती. ती गप्प राहिली. आईच्या डोक्यावर आधीच किती ओझं आहे हे त्या पोरीला दिसत होतं.

५ जुलै १९०२

भर उन्हाळ्यातली दुपार. खाली खळ्यावर शेंगांची मळणी चालली होती, अस्सुंता तिथेच होती. वर जिन्याच्या माथ्यावर मारिया बसली होती. जवळ धाकटी बहीण तेरेसा झोपलेली आणि मांडीवर सांधायला घेतलेला एक शर्ट. तो शर्ट आलेस्सांद्रोचा होता.

तो खळ्यावरून निघून वर आला आणि तिला ओढत आत घेऊन गेला. ती प्रतिकार करत राहिली. हे पाप आहे, देवाला हे नको आहे, असं ती त्याला सांगत होती, हे पुढे त्यानंच सांगितलं. मग त्यानं हातातल्या अणकुचीदार हत्यारानं तिच्यावर चौदा वार केले.

नेत्तुनोच्या इस्पितळात डॉक्टरांनी भूल न देताच शस्त्रक्रिया केली. तिला प्रचंड तहान लागली होती, पण जखमांमुळे पाणी देता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी, ६ जुलैला, ख्रिस्तप्रसाद (येशूचं शरीर मानली जाणारी पवित्र भाकर) देण्याआधी धर्मगुरूंनी तिला क्रुसावरच्या येशूची आठवण करून दिली आणि विचारलं, तू आलेस्सांद्रोला क्षमा करतेस का? तिनं होकार दिला. येशूवरच्या प्रेमाखातर क्षमा करते, आणि तोही माझ्याबरोबर सुखलोकात असावा असं मला वाटतं, अशा अर्थाचे तिचे शब्द होते. त्याच दुपारी ती गेली.

तिच्या उत्तराचा दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. ‘क्षमा केली’ एवढं म्हणून माणूस दार लावून घेऊ शकतो. माझं तुझ्याशी देणंघेणं संपलं, आता तू तुझ्या वाटेनं जा, असाही त्याचा अर्थ होऊ शकतो. मारियानं त्याला स्वतःच्या शेजारी जागा मागितली. क्रुसावरून प्रभूनं शेजारच्या गुन्हेगाराला दिलेलं ‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ हे वचन तिनं आपल्या मारेकऱ्यासाठी जसंच्या तसं वापरलं. त्या घटकेला मारेकरी काय करत होता? त्याला अटक झाली होती आणि त्याच्या तोंडी पश्चात्तापाचा एक शब्दही नव्हता.

या प्रकरणातली ही मुख्य गोष्ट आहे. दया पुढे झाली तेव्हा घेणारा तिच्याकडे वळलेलासुद्धा नव्हता.

पहिली आठ वर्षं

त्याच वर्षी रोमला खटला चालला. इटलीत १८८९च्या दंडसंहितेनं फाशी रद्द झालेली होती. आलेस्सांद्रो वीस वर्षांचा, म्हणजे त्या वेळच्या कायद्याप्रमाणे अजून अज्ञान. त्यामुळे जन्मठेपेऐवजी तीस वर्षांची सक्तमजुरी झाली. त्याला सिसिलीतल्या नोतोच्या तुरुंगात पाठवलं. सुरुवातीची वर्षं एकांतवासाची होती.

खटल्यात त्यानं आधी जबाबदारी टाळायची धडपड केली. पुढेही बरीच वर्षं तो कोरडा आणि कडवट होता. आपण वाईट वागलो यापेक्षा आपलं वाटोळं झालं, हेच त्याच्या मनात घर करून होतं. त्या मुलीनं ऐकलं असतं तर हे घडलं नसतं, अशा तऱ्हेचा विचार गुन्हा करणाऱ्या माणसाला किती सहज जवळचा वाटतो! तुरुंगात काम करणाऱ्या कुठल्याही धर्मगुरूला किंवा सिस्टरला विचारा, ही वाक्यं त्यांना पाठ असतात. दारू प्यालो होतो, त्यानं मला चिडवलं, परिस्थितीच तशी होती. प्रत्येक वाक्यात थोडं खरं असतं आणि म्हणूनच ते सुटत नाही. आलेस्सांद्रोकडेही खऱ्या गोष्टी होत्या, आईविना बालपण, गरिबी, वाईट संगत, वाईट वाचन. पुढे या सगळ्याचा उल्लेख त्यानं केला, पण कारण म्हणून केला, सबब म्हणून नव्हे.

या आठ वर्षांत देवाची दया कमी पडली का? ख्रिस्ती श्रद्धेचं उत्तर स्पष्ट आहे. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला, असं संत पौल रोमकरांना लिहितो. म्हणजे आधी सुधारा, मग दया मिळेल, असा हा व्यवहार नाही. पण मूठ घट्ट आवळून बसलेल्या माणसाच्या हातात काही ठेवता येत नाही. आलेस्सांद्रोच्या मुठीत त्याची स्वतःची बाजू होती, आणि ती सोडली तर आपल्याजवळ काहीच उरणार नाही ही भीती होती. तुरुंगाच्या भिंतींआधी याच भीतीनं त्याला कोंडून ठेवलं होतं.

नोतोमधला बदल

पुढे काय घडलं त्याचे दोन धागे आहेत. एक स्वप्नाचा. त्याला मारिया दिसली, एका बागेत, पांढऱ्या वस्त्रांत, फुलं वेचताना. ती फुलं तिनं त्याच्या हातात दिली आणि हातात पडताच ती ज्योतींसारखी पेटली. हे स्वप्न त्यानं पुढे अनेकांना सांगितलं. दुसरा धागा नोतोचे बिशप ज्योव्हान्नी ब्लांदिनी यांचा. हा वयोवृद्ध बिशप तुरुंगात येऊन त्याला भेटला, त्याच्याशी बोलला.

स्वप्नाचं काय करायचं, असं कुणी विचारील. चर्च अशा अनुभवांवर विश्वास ठेवायची सक्ती करत नाही, आणि मीही स्वप्नावर या प्रकरणाचा भार टाकणार नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं पाऊल, जे कागदावर आहे. १० नोव्हेंबर १९१० रोजी त्यानं बिशपना पत्र लिहिलं. त्यात तो म्हणतो की आपण एका निष्पाप गरीब मुलीचा जीव घेतला याची जाणीव असल्यानं आपल्याला दुप्पट दुःख होतं. ती शेवटच्या क्षणापर्यंत आपली अब्रू वाचवण्यासाठी झगडली. आपल्या दुष्ट इच्छांनी आपल्याला या भयंकर कृत्याकडे ढकललं. केलेल्या कृत्याचा तो उघडपणे धिक्कार करतो, देवाची आणि त्या उद्ध्वस्त कुटुंबाची क्षमा मागतो, आणि जगात इतर कितीतरी जणांना मिळाली तशी क्षमा आपल्यालाही मिळेल अशी आशा धरतो.

हे पत्र सावकाश वाचलं की एक गोष्ट ध्यानात येते. त्यात मारियावर कसलाही आरोप उरलेला नाही. ती निर्दोष, दुष्ट इच्छा माझ्या, कृत्य माझं. आठ वर्षं जे बोललं तर आपण संपलो असं वाटत होतं, ते त्यानं लिहून पाठवलं आणि तो संपला नाही. शेवटी तो आशेचा उल्लेख करतो, आणि तोही जपून करतो. मला क्षमा मिळालीच आहे अशी भाषा तिथे नाही.

आतली मोकळीक म्हणतात ती मला या पत्रात दिसते. स्वतःबद्दलचं खरं सांगता येणं आणि ते सांगूनही उभं राहता येणं. हे बळ त्यानं स्वतःच्या पोटातून काढलेलं नाही. आपल्याला सुखलोकात शेजारी बसवायला कुणीतरी तयार आहे, हे कळल्यावरच त्याला आपलं पाप पूर्ण डोळे उघडून पाहता आलं. येशूनं सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात, आपला वाटा उधळून डुकरं राखायची पाळी आलेला मुलगा शुद्धीवर येतो तो बापाचं घर आठवून. बापाच्या घरात चाकरांनासुद्धा भरपूर भाकरी आहे, हे आठवलं नसतं तर तो डुकरांच्या शेंगांपाशीच बसून राहिला असता.

कॅथलिक पापनिवेदनाची रचनाही अशीच आहे. अनुताप, कबुली, प्रायश्चित्त आणि धर्मगुरूच्या मुखातून पापक्षमा. अनुतापालासुद्धा चर्च देवाची देणगी मानतं. पवित्र सप्ताहात वसईतल्या कुठल्याही चर्चमध्ये पापनिवेदनाला रांगा लागतात. आपण देवाला राजी करायला आलो आहोत असं त्या रांगेतल्या कित्येकांना वाटत असतं. माझ्या मते आपल्याकडच्या धर्मशिक्षणात याबाबत अजून बरंच काम करायचं बाकी आहे. देव आधीच राजी आहे हे मुलांना लहानपणीच सांगायला हवं, पापांची यादी पाठ करायला शिकवण्याच्या आधी.

उरलेली एकोणीस वर्षं

पत्र लिहिलं म्हणून शिक्षा माफ झाली नाही, आणि त्यानं ती माफ व्हावी असं म्हटलंही नाही. १९६१च्या निवेदनात तो लिहितो की शिक्षा मी मान्य केली, कारण अपराध माझा होता. कॅथलिक चर्चच्या कॅटेकिझमचा, म्हणजे शिकवणुकीच्या अधिकृत ग्रंथाचा, १४५९वा परिच्छेद सांगतो की पापमोचनानं पाप दूर होतं, पण पापानं जी मोडतोड केलेली असते ती सगळी आपोआप दुरुस्त होत नाही. पाप्यानं भरपाईसाठी काही करायचं असतं. दया आणि न्याय एकमेकांच्या आड येतात अशी जी समजूत आहे, ती हे प्रकरण खोडून काढतं. क्षमा मिळालेला माणूस एकोणीस वर्षं तुरुंगात बसला, आणि त्याचं वागणं इतकं सुधारलं की तीन वर्षं आधी, म्हणजे सत्तावीस वर्षांनी, १९२९ साली त्याला सोडलं.

बाहेरचं जग सोपं नव्हतं. सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांचा, खुनाची शिक्षा भोगलेला मजूर. मार्केच्या मुलखात तो शेतावर मिळेल ते काम करत हिंडला. जुना गुन्हा कळला की लोकांचे चेहरे बदलत. आतून मोकळा झालेला माणूस बाहेर अडखळतच जगत होता, आणि कुठल्याही सुटलेल्या कैद्याची गोष्ट याहून फार वेगळी नसते.

कोरिनाल्दोचं दार

एक काम बाकी होतं. पत्रात कुटुंबाची क्षमा मागितली होती, पण समोर जाऊन नव्हे. अस्सुंता आता म्हातारी झाली होती. मुलीच्या मरणानंतर तिचं घरच मोडलं होतं. ती कोरिनाल्दोला परतली होती आणि तिथल्या धर्मगुरूच्या निवासात घरकाम करत होती. १९३०च्या दशकात एका नाताळच्या आदल्या दिवशी आलेस्सांद्रो त्या दारात जाऊन उभा राहिला.

मला ओळखलंत का, असं त्यानं विचारल्याचं सांगतात. तिनं ओळखलं. त्यानं क्षमा मागितली. मारियानं तुला क्षमा केली, देवानं केली, मग मी कोण नाही म्हणणारी, असं तिनं उत्तर दिलं. नाताळच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, ती त्याला बरोबर घेऊन गेली आणि गावासमोर दोघांनी शेजारी शेजारी ख्रिस्तप्रसाद स्वीकारला.

गावासमोर, हे यातलं महत्त्वाचं. बंद खोलीत दोन माणसं रडली आणि प्रकरण मिटलं, एवढ्यावर हे थांबलं नाही. कोरिनाल्दोत त्याला ओळखणारे, मारियाचं नाव घेऊन वाढलेले लोक होते. त्या बाईनं त्याला आपल्या शेजारी उभं केलं आणि गावानं त्याच्याकडे कसं पाहायचं ते एका कृतीत ठरवून टाकलं. मारियानं मागितलेली शेजारची जागा आईनं त्याला इहलोकीच दिली, असं मला वाटतं. आज अस्सुंता आणि आलेस्सांद्रो या दोघांच्याही कबरी कोरिनाल्दोतल्या मारियाच्या तीर्थमंदिरात आहेत.

आपल्या देशात, महाराष्ट्राच्या सीमेपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, याच जातीची घटना घडली आहे. केरळहून आलेली, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघातली सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आदिवासींना सावकारी पाशातून सोडवायचं काम करत होती. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत तिला भोसकून मारलं. तिची सख्खी धाकटी बहीणही त्याच संघातली सिस्टर. तिनं २००२ साली रक्षाबंधनाच्या वेळी इंदूरच्या तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. राणी मारियाच्या घरच्यांनी आणि संघानं त्याच्या सुटकेसाठीही खटपट केली आणि २००६मध्ये तो सुटला. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियाला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं गेलं. राखीचा अर्थ आपल्या वाचकांना फोड करून सांगायला नको. ज्यानं बहीण हिरावली त्याला भाऊ केलं, आणि तेही तो तुरुंगात असताना.

जिथे सावध राहायला हवं

हे प्रकरण सांगताना दोन ठिकाणी मोठी चूक होऊ शकते, आणि ती झालेलीही आहे.

पहिली मारियाच्या बाबतीत. ‘तिनं मरण पत्करलं पण शील सोडलं नाही’ अशा थाटात ही गोष्ट मुलींना सांगितली की त्याचा एक क्रूर अर्थ निघतो. ज्या मुलीवर अत्याचार झाला आणि जी वाचली, तिनं काही गमावलं, असा. चर्चची शिकवण अशी नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमच्या लुटीत ज्या स्त्रियांवर अत्याचार झाले त्यांच्याबद्दल संत ऑगस्टिननं ठामपणे लिहिलं आहे की मनानं संमती दिली नसेल तर दुसऱ्याच्या बळजबरीनं शुद्धता जात नाही. अपराध करणाऱ्याचा. कुठल्याही धर्मशिक्षणाच्या वर्गात मारियाचं नाव घेतलं की याच श्वासात हे वाक्यही यायला हवं.

दुसरी चूक क्षमेच्या बाबतीत. मारियानं एका दिवसात क्षमा केली, मग तुलाच का जमत नाही, असं पीडित बाईला सांगणाऱ्यांना मी हात जोडून विनंती करीन की कृपा करून असं म्हणू नका. क्षमा कुणाकडून वसूल करता येत नाही. क्षमा करणं म्हणजे पोलिसांत तक्रार मागे घेणंही नव्हे आणि त्या माणसाला पुन्हा घरात येऊ देणंही नव्हे. आलेस्सांद्रोवर खटला चालला, तो दूर सिसिलीत होता, आणि अस्सुंताच्या दारात तो आला तेव्हा पुलाखालून तीन दशकांचं पाणी वाहून गेलं होतं. एवढं अंतर आणि एवढा काळ या क्षमेला मिळाला, हेही प्रकरणाचा भाग म्हणूनच नोंदवायला हवं. सगळ्यांना तो मिळत नाही. अत्याचार करणारा त्याच घरात, त्याच वाड्यात राहत असेल तर आधी त्या मुलीची सुरक्षितता, मग बाकी सगळं.

साक्षीदार

मारियाच्या संतपदासाठी चर्चची चौकशी सुरू झाली तेव्हा एक साक्ष सर्वांत मोलाची ठरणार होती. बंद दाराआड काय झालं हे मारियानं मरण्याआधी थोडक्यात सांगितलं होतं, आणि ते पूर्णपणे जाणणारा एकच माणूस जिवंत होता. आलेस्सांद्रोनं साक्ष दिली. ती काय म्हणाली, कशी झगडली, आपण काय केलं, सगळं सांगितलं. १९०२च्या कोर्टात जबाबदारी टाळू पाहणारा माणूस आता तिच्या बाजूनं आणि स्वतःच्या विरोधात बोलत होता, कुठल्याही कायद्याचा दबाव नसताना. २७ एप्रिल १९४७ रोजी मारियाला धन्यवादित घोषित केलं आणि २४ जून १९५० रोजी पोप बारावे पायस यांनी संत. गर्दी एवढी होती की विधी संत पीटर चौकात, उघड्यावर घ्यावा लागला. अस्सुंता हयात होती. आपल्या लेकीला संत घोषित होताना तिनं डोळ्यांनी पाहिलं. १९५४मध्ये ती वारली.

आलेस्सांद्रोला मार्केच्या कापुचिन संन्याशांनी ठेवून घेतलं. नोकर म्हणून नव्हे, भाऊ म्हणून, हे त्याचे स्वतःचे शब्द आहेत. तो व्रतबद्ध संन्यासी झाला नाही. बाग राखायची, दारावर बसायचं, पडेल ते काम करायचं. आधी आस्कोली पिचेनोच्या मठात, मग माचेराताला. ६ मे १९७० रोजी तो गेला.

माचेराताला ५ मे १९६१ रोजी, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यानं आपलं निवेदन लिहिलं. दैवी दया या विषयावर मी वाचलेल्या मजकुरात त्याला फार वरची जागा देईन. लहानपणी आपण वाईट वाटेला कसे लागलो हे तो सांगतो, छापील मजकुराचा आणि वाईट उदाहरणांचा दोष सांगतो. मग विसाव्या वर्षी केलेल्या गुन्ह्यावर येतो आणि लिहितो की त्या आठवणीनं आजही अंगावर काटा येतो. मारियाचे धिक्काराचे आणि क्षमेचे, दोन्ही शब्द आपल्या हृदयावर कोरलेले आहेत असं तो म्हणतो. मारिया ही आपल्याला देवानं पाठवलेली रक्षक होती. आता देवदर्शनाची शांतपणे वाट पाहतो आहे, आपल्या माणसांना भेटायचं आहे, मारियाजवळ आणि तिच्या प्रिय आई अस्सुंताजवळ असायचं आहे.

‘आजही’ हा शब्द तिथे आहे म्हणून मी या निवेदनावर विश्वास ठेवतो. एकोणसाठ वर्षं झाली, क्षमा मिळाली, मठात जागा मिळाली, त्या मुलीला जगानं संत म्हटलं, तरी आठवण भयंकरच होती आणि तो ती तशीच सांगतो. पापनिवेदन करूनही मन हलकं होत नाही, म्हणजे देवानं आपल्याला क्षमा केलीच नसावी, असं म्हणणारी माणसं प्रत्येक धर्मग्रामात भेटतात. त्यांच्या हाती मी हे पानभर निवेदन देतो. धिक्काराचा शब्द आणि क्षमेचा शब्द यांतला एक पुसून दुसरा राहिलेला नाही. म्हातारा दोन्ही घेऊन जगतो आहे, त्याच पानावर देवाला भेटायला उत्सुक आहे, आणि शेवटच्या ओळींत ज्या दोघींच्या शेजारी जागा मागतो त्या मारिया आणि अस्सुंता आहेत.